एअर रायफलचा ग्रुप पुन्हा पुन्हा बिघडतो? साइटला हात लावण्याआधी हे तपासा

काल दहाच्या आत बसणारी रायफल आज नऊ पॉइंट चार, नऊ पॉइंट सहा गुण दाखवते. साइटचे, म्हणजे नेम धरायच्या साधनाचे, चार क्लिक फिरवले की दोन दिवस बरं चालतं. तिसऱ्या दिवशी ग्रुप, म्हणजे शॉटचा पुंजका, भलतीकडेच. पुन्हा क्लिक. महिनाभरात साइट कुठून निघाली आणि कुठे पोचली याचा हिशेब राहत नाही, आणि खरा दोष जिथे होता तिथेच बसून असतो.

दहा मीटर एअर रायफलमध्ये हा सर्वांत जास्त वेळा परतणारा आजार आहे, आणि तो परततो कारण त्यावर औषध म्हणून साइट फिरवली जाते. साइट ग्रुपची जागा बदलते. ग्रुपचा आकार ती बदलू शकत नाही. म्हणून पहिला प्रश्न हाच: ग्रुप सरकलाय की फुटलाय? पाच शॉट छान एकत्र आहेत पण दोन मिलिमीटर डावीकडे, हा सरकलेला ग्रुप. मधोमध आहे पण ऐसपैस पसरलाय, हा फुटलेला. दोन्हींची कारणं वेगळी आणि इलाजही वेगळे.

खाली जे आहे ते ४.५ मिमीच्या, सिलिंडरमधल्या दाबाच्या हवेवर चालणाऱ्या मॅच रायफलीसाठी आहे. क्लबात सुरुवातीला हाती मिळते ती बॅरल किंवा लिव्हर दाबून भरायची स्प्रिंगची रायफल वेगळ्या स्वभावाची, तिच्यासाठी शेवटाकडे थोडं लिहिलंय.

हत्यार उघडण्याआधी

एअर रायफलमध्ये दारू नाही, जाळ नाही, म्हणून ती घराच्या पॅसेजमध्ये चालवता येते. पण खेळणं समजून हाताळणाऱ्यांचे अपघात याच समजुतीतून होतात. ०.५३ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १७५ मीटर वेगाने निघतो तेव्हा त्याची ऊर्जा ८ ज्यूलच्या आसपास असते. डोळा जायला एवढी पुष्कळ झाली.

कुठलाही स्क्रू फिरवण्याआधी हा क्रम पाळायचा: रायफलीचं तोंड टार्गेटकडे, ब्रीच (छर्रा घालायची जागा) उघडा, आत छर्रा नाही हे डोळ्यांनी बघा, मग सिलिंडर फिरवून काढा. सिलिंडर काढल्यावरही रायफलीच्या आत हवा उरलेली असू शकते, तेव्हा टार्गेटच्या दिशेने दोन-तीनदा कॉक करून रिकामी उडवा. आवाज पूर्ण मेला की मग अॅलन की हातात घ्या. एरवी रायफल नुसती पडून असेल तेव्हा बॅरलमध्ये सेफ्टी फ्लॅग, म्हणजे बॅरल रिकामी असल्याची खूण, हवाच.

घरच्या रेंजवर टार्गेटमागे नुसती भिंत किंवा लाकडी फळी नको. छर्रा फळीवरून सरळ मागे उसळतो. तिरक्या पोलादी पत्र्याची, छर्रे खाली अडकवून ठेवणारी पेटी लावा, बाजूला जाडसर गालिच्याचे तुकडे टांगा, आणि टार्गेटपलीकडे किंवा वाटेत कुठलंही दार येता कामा नये. जागेची अडचण असेल तर दार आतून बंद करून कडी घाला. "कोणी येणार नाही" हा भरवसा पुरेसा नाही. अंतर १० मीटर, पाच सेंटिमीटर इकडेतिकडे चालतं. टार्गेटचा मध्य जमिनीपासून १.४० मीटरवर, तिथेही फरक पाच सेंटिमीटरपर्यंतच.

छर्रे शिशाचे असतात. सराव संपला की हात साबणाने धुवायचे, आणि चहा-बिस्किटांची ताटली छर्‍यांच्या डबीशेजारी ठेवायची नाही. पेटीखालची धूळ केरसुणीने झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकं स्वयंपाकघरात नेऊ नका.

किती बिघडलं म्हणजे बिघडलं

आकडे समोर असले की घबराट निम्मी होते. रायफलीच्या टार्गेटवर पूर्ण गुणांची वर्तुळं २.५ मिमी अंतराने आहेत, म्हणजे दशांश गुणांत ०.१ साठी पाव मिलिमीटर. छर्‍याच्या छिद्राचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून २.५ मिमीवर असेल तर १०.०, पाव मिलिमीटरच्या आत असेल तर १०.९. पॅरिस ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत अर्जुन बबुताने ६० शॉटमध्ये ६३०.१ गुण करून अंतिम फेरी गाठली, म्हणजे शॉटमागे सरासरी १०.५. मध्यापासून साधारण सव्वा मिलिमीटरच्या आत. या खेळात एक मिलिमीटर ही मोठी वस्तू आहे. रायफलीने एक मिलिमीटर खाल्ला तर माणसाने कितीही श्वास धरला तरी तो परत येत नाही.

आता चाचणी. भक्कम टेबल, वाळूची किंवा तांदळाची मऊ पिशवी, तीवर फोरएंड (रायफलीच्या दांड्याचा पुढचा भाग) दर वेळी त्याच जागी. बॅरल पिशवीला टेकवू नका. मागे बटखाली, म्हणजे खांद्याकडच्या टोकाखाली, छोटी पिशवी. खांद्याला नुसता स्पर्श, गाल नेहमीसारखा. पाच शॉटचे पाच ग्रुप, प्रत्येक वेगळ्या कागदावर, आणि मधे साइटला हात नाही. एकाच ग्रुपवर निकाल द्यायचा मोह होतो, पण पाच शॉटचा एक ग्रुप नशिबानेही सुरेख येतो आणि नशिबानेही फाटतो. पाच ग्रुप एकच गोष्ट सांगत असतील तर ती खरी.

व्हर्नियर कॅलिपरने छिद्रांच्या बाहेरच्या कडा मोजा, त्यातून ४.५ वजा करा, मध्य ते मध्य अंतर मिळालं. पिशवीवरून पीप साइटने (मागच्या बारीक भोकातून नेम धरायच्या साइटने) सराईत हाताला २ ते ३ मिमी मिळालं तर रायफल ठणठणीत आहे. दोष जॅकेटच्या आतल्या माणसात शोधा. ५ मिमीच्या वर वारंवार जात असेल तर रायफल, छर्रा किंवा हवा. मधलं काही आलं तर छर्रा बदलून पाहण्यापासून सुरुवात.

ग्रुपचा आकार वाचायला शिका

उभा, वरखाली ताणलेला ग्रुप म्हणजे बहुतेक वेळा वेग बदलतोय. याचा हिशेब कागदावर होतो. दहा मीटर कापायला छर्‍याला साधारण ०.०६ सेकंद लागतो, तेवढ्यात तो गुरुत्वाकर्षणाने सुमारे १७ मिमी खाली येतो. वेग पाच मीटर प्रतिसेकंदाने घटला, म्हणजे सुमारे तीन टक्के, तर हे खाली येणं सहा टक्क्यांनी वाढतं: एक मिलिमीटर. म्हणजे ०.४ गुण, निव्वळ हवेमुळे.

आडवा ताणलेला ग्रुप रायफलीकडे क्वचितच बोट दाखवतो. कॅन्ट, म्हणजे रायफल बाजूला कलणं, किंवा साइटमधली ढिलाई, ही त्याची नेहमीची कारणं.

दोन वेगळे झुबके, तीन शॉट इथे आणि दोन तिथे, आणि प्रत्येक झुबका स्वतःत घट्ट: काहीतरी दोन जागांवर बसतंय. मागची साइट, फ्रंट साइटचा टनेल (पुढच्या साइटची नळी), कधी स्टॉकमधली (दांड्यातली) अॅक्शन, म्हणजे छर्रा सोडणारी यंत्रणा. नाहीतर ट्रेमध्ये दोन डब्यांतले छर्रे मिसळलेत. हे शेवटचं कारण इतकं साधं आहे की तेच सगळ्यांत उशिरा सुचतं.

सगळीकडे सारखा गोल फुगलेला ग्रुप छर्‍याकडे, बॅरलच्या घाणीकडे किंवा बॅरलच्या तोंडाच्या कडेकडे नेतो. आणि नऊ शॉट एकत्र नि एकच पार लांब, तर तो एक छर्रा वाकडा होता किंवा वाकडा बसला. त्या एका शॉटसाठी साइट फिरवणारे लोक या खेळात फार आहेत.

स्क्रू

रायफल उघडून तपासायचा पहिला आणि सर्वांत स्वस्त भाग. स्टॉकमध्ये अॅक्शन धरणारे स्क्रू, मागच्या साइटचा रेलवरचा क्लॅम्प, फ्रंट साइटचा स्क्रू, बॅरलच्या टोकाची एक्स्टेन्शन ट्यूब, वजनं, चीक पीस (गाल टेकवायचा भाग), बट प्लेट (खांद्याला लागणारी पट्टी). एकेकाला बोटाने हलवून बघा, मग कीने. किती आवळायचं याचा आकडा रायफलीच्या पुस्तिकेत न्यूटन-मीटरमध्ये दिलेला असतो आणि त्यासाठी टॉर्क की लागते. "जोर लावून" हे माप प्रत्येकाचं वेगळं असतं, आणि अॅल्युमिनियमच्या स्टॉकमध्ये आटे गेले की काम वाढतं. दोन स्क्रू असतील तर आलटून पालटून थोडे थोडे आवळा.

आवळल्यावर प्रत्येक स्क्रूच्या डोक्यापासून स्टॉकपर्यंत नेलपॉलिशची बारीक रेघ ओढा. पुढच्या आठवड्यात रेघ तुटलेली दिसली की कोण फिरतोय ते कळलं. टॉर्क कीपेक्षा ही दहा रुपयांची रेघ जास्त वेळा चोर पकडते.

एक्स्टेन्शन ट्यूब काढली असेल तर ती उजेडाकडे धरून आतून बघा. आत एका बाजूला शिशाची करडी रेघ दिसली, तर छर्रा बाहेर पडताना ट्यूबला घासतोय. ट्यूब तिरकी बसलीय. अशा रायफलीवर बाकी काहीही दुरुस्त केलं तरी ग्रुप जमणार नाही.

छर्रा

मॅचचा छर्रा सपाट तोंडाचा असतो, कागदात गोल स्वच्छ भोक पाडतो. रायफलीसाठी साधारण ०.५३ ग्रॅम, पिस्तुलासाठी हलका, ०.४५ ग्रॅमच्या आसपास. डबीवर डोक्याचं माप छापलेलं असतं: ४.४९, ४.५० वगैरे मिमी, आणि लॉट नंबर, म्हणजे कारखान्यातल्या खेपेचा क्रमांक. आरडब्ल्यूएस आर१०, एच अँड एन फिनाले मॅच, जेएसबी, क्यूवायएस, सगळ्यांच्या डब्यांवर हे सापडेल.

लोक ब्रँडवरून भांडतात. फरक पडतो लॉटने. एकाच नावाच्या दोन लॉटमध्ये एका बॅरलला एक गोड आणि एक कडू लागू शकतो, आणि शेजारच्याच्या त्याच मॉडेलच्या रायफलीला नेमकं उलटं. म्हणून नवीन घेताना तीन-चार लॉटची एकेक डबी आणून पिशवीवरून वरची पाच ग्रुपची चाचणी करा, जो जमेल त्याच लॉटच्या वर्षभर पुरतील एवढ्या डब्या एकदम उचला. एका डबीत ५०० छर्रे. आठवड्याला ३०० मारणाऱ्याला वर्षाला एकतीस-बत्तीस डब्या लागतात, ही मोजणी दुकानात जाण्याआधी करून ठेवलेली बरी.

मग हाताळणी. छर्‍याचा मागचा भाग, घाघरा म्हणा, कागदाइतक्या पातळ शिशाचा असतो आणि त्याच्यावरच हवेचा दाब पडतो. डबी खिशात खुळखुळत सायकलवरून नेली की काही घाघरे अंडाकृती होणारच. डबी भिंगाखाली उजेडात ओता: गोलाई मोडलेले, काठाला दात पडलेले, डोक्यावर शिशाची किस चिकटलेली, ते बाजूला. ते सरावाच्या सुरुवातीला वॉर्मअपला वापरा, टाकून द्यायची गरज नाही. सपाट काचेवर घरंगळवून बघायची जुनी युक्तीही चालते. नीट छर्रा सारखा वळसा घेत गोल फिरतो, वाकडा अडखळतो. वजन काट्यावर छर्रे तोलत बसायचा नाद मात्र फारसं काही देत नाही.

ब्रीचमध्ये छर्रा घालताना बोटाच्या टोकाने सरळ सरकवा. नखाने ढकलला तर घाघरा दबतो. थंडीत, हातमोज्यात, घाईत हेच होतं, आणि मग "एक शॉट कुठून गेला कळलंच नाही".

हवा: सगळ्यांत जास्त दोष इथे, आणि सगळ्यांत कमी लक्षही इथेच

सिलिंडर भरलेला असतो २०० बारला, काही नव्या मॉडेलमध्ये ३०० ला. तेवढा दाब थेट छर्‍यामागे जात नाही. मधे रेग्युलेटर असतो, तो दाब खाली आणून दर शॉटला एकसारखा देतो. म्हणून गेज (दाब दाखवणारा काटा) १८० वर असो की १२०, वेग सारखा राहायला हवा. गेज रेग्युलेटरच्या मापाखाली उतरलं की मात्र दर शॉटला वेग घसरत जातो आणि छर्रे खाली खाली बसतात. सराव संपताना ग्रुप खाली उतरत असेल तर रेग्युलेटरला शिव्या देण्याआधी गेज बघा. पुस्तिकेत दिलेल्या किमान दाबाच्या जरा वर, गेज ७० च्या आसपास आलं की भरून घ्यायची सवय ठेवा.

भरताना घाई केली की सिलिंडर तापतो. ४५ अंशांच्या तापलेल्या सिलिंडरवर गेज २०० दाखवतं, तो खोलीच्या २८ अंशांना निवला की तेच गेज १८९ च्या आसपास येतं. हवा कुठे गळली नाही, निवली. म्हणून मिनिट-दोन मिनिटं लावून हळू भरा, थांबा, मग वरची कसर भरून काढा. तापलेल्या सिलिंडरवर "निवल्यावर कमी होईल" म्हणून २२० पर्यंत ढकलू नका. भरलेला सिलिंडर मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवायचा नाही हे तर वेगळं सांगायला नको.

आत फक्त कोरडी हवा. ऑक्सिजनचा सिलिंडर वर्कशॉपमध्ये सहज मिळतो आणि कनेक्टर बसवून देणारा कोणीतरी भेटतोही, पण दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेलाचा एक डाग एकत्र आले तर स्फोट होतो. इथे तडजोड नाही. त्याच कारणाने ओ-रिंगला (जोडातून हवा अडवणाऱ्या रबरी कड्याला) साधं ग्रीस किंवा शिलाई मशीनचं तेल लावायचं नाही, सिलिकॉन ग्रीस, तेही बोटाला लागेल एवढंच. सिलिंडरवर बनवल्याची तारीख कोरलेली असते. बहुतेक उत्पादक दहा वर्षांची मुदत देतात, आणि स्पर्धेत ती मुदत पाळण्याची जबाबदारी नेमबाजाचीच असते.

आता पावसाळा. कोकणात, मुंबईत, कोल्हापुरात जुलैमध्ये हवेत नव्वद टक्के आर्द्रता असते. २८ अंशांना अशा एका घनमीटर हवेत साधारण २४ ग्रॅम पाणी असतं. सिलिंडर २०० मिलीचा धरला तर २०० बारला त्यात ४० लिटर हवा कोंबली जाते, म्हणजे एका भरण्यात जवळजवळ एक ग्रॅम पाणी: वीसेक थेंब. दाबल्यावर त्यातली बहुतेक वाफ थेंब होते. हँडपंपला पाणी अडवणारा फिल्टर नसेल, किंवा असून त्यातले दाणे भिजून गेले असतील, तर हे थेंब सिलिंडरमध्ये, तिथून रेग्युलेटरमध्ये. रेग्युलेटरच्या सीटवर, म्हणजे हवा बंद करणाऱ्या बैठकीवर, गंज आणि चिखल बसला की तो मधेच नीट मिटतो, मधेच नाही. जूनपर्यंत सरळ चालणारी रायफल ऑगस्टमध्ये वरखाली फेकू लागते त्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

इलाज असा: हँडपंपने भरत असाल तर दर पन्नासेक दाबांनी थांबून पंपाचा पाणी सोडायचा स्क्रू उघडा, फसकन पांढरं धुकं निघेल. फिल्टरमधले सिलिका जेलचे दाणे रंग बदलले की बदला. शक्य असेल तर पावसाळ्याचे चार महिने हँडपंप बाजूला ठेवून डायव्हिंगच्या कोरड्या हवेच्या मोठ्या सिलिंडरवरून भरा. मोठ्या रेंजवर ती सोय सहसा असते. सिलिंडर पूर्ण रिकामा करायची वेळ आली तर तो उलटा धरून, तोंड खाली करून शेवटची हवा सोडा. पाणी असेल तर फडक्यावर दिसेल.

रेग्युलेटर बिघडलाय का याची घरची चाचणी सोपी आहे. दहा शॉट मारा. रायफल दहा मिनिटं तशीच ठेवा. पुन्हा तीन शॉट. थांबून आल्यावरचा पहिला शॉट वेगळा आणि पुढचे दोन नेहमीच्या जागी, असं तीन-चारदा झालं तर रेग्युलेटर पूर्ण मिटत नाहीये. थांबलेल्या वेळात पुढच्या कप्प्यात दाब चढतोय. क्रोनोग्राफ, म्हणजे छर्रा किती वेगाने जातो ते मोजणारं यंत्र, मिळाला तर उत्तम: दहा शॉटमध्ये सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी वेगातला फरक ३-४ मीटर प्रतिसेकंदाच्या आत हवा. सहाच्या वर गेला तर वरचा एक मिलिमीटरचा हिशेब आठवा.

गळती शोधायला रात्री गेज टिपून ठेवा, सकाळी त्याच तापमानाला बघा. घट दिसली तर साबणाचं पाणी ब्रशने जोडांवर लावा. बुडबुडा येईल तिथली ओ-रिंग.

बॅरल

शिशाचा थर हळूहळू बसतो, एकदम नाही, म्हणून ग्रुपही हळूहळू फुगतो. ५०० ते १००० शॉटमागे एकदा ४.५ मिमीचे फेल्ट पेलेट (बॅरल पुसणारे लोकरी गोळे) वापरा. ते हलके असतात, तेव्हा दोन-तीन एकापुढे एक घालून मारा, पहिले काळे निघतील, करडे होईपर्यंत चालू ठेवा. दोरीने ओढायचं साफसफाईचं साधन असेल तर ब्रीचकडून तोंडाकडे, उलट कधीच नाही. पितळी ब्रश नको. स्वच्छ बॅरलला पुन्हा थोडा थर लागतो, पहिले दहा-वीस शॉट भटकतील. ते गुणांत धरू नका, आणि स्पर्धेच्या आदल्या रात्री बॅरल साफ करू नका.

बॅरलच्या तोंडाची कड तपासायला कापसाची काडी हलकेच गोल फिरवा. एका जागी धागा अडकला तर तिथे खाच आहे. हे घरी दुरुस्त होत नाही.

पावसाळ्यात रायफल रेक्झिनच्या बंद बॅगेत ओलसर फोमवर महिनाभर ठेवायची सवय बॅरलला गंज देते. सुकवून, सिलिका जेलच्या पिशव्यांसोबत ठेवा.

साइट आणि उजेड

मागच्या साइटची चाचणी: पिशवीवरून एक ग्रुप, मग वर दहा क्लिक, ग्रुप, उजवीकडे दहा, ग्रुप, खाली दहा, ग्रुप, डावीकडे दहा, ग्रुप. शेवटचा ग्रुप पहिल्यावर बसला पाहिजे आणि चारी कोपरे चौकोनात. नाही बसला तर साइटच्या आट्यांत खेळ आहे. अशा साइटवर दिशा बदलताना दोन क्लिक पुढे जाऊन दोन मागे येण्याने काही काळ भागतं.

घरी ग्रुप एका बाजूला आणि बालेवाडीच्या रेंजवर दुसऱ्या बाजूला, ही तक्रार बहुधा उजेडाची असते. टार्गेटवर किमान १५०० लक्स हवेत. घरातली एक ट्यूब तेवढा उजेड देत नाही. दिवा एका बाजूला असेल तर काळं वर्तुळ त्या बाजूने वेगळं दिसतं, डोळा रिंगमध्ये (पुढच्या साइटच्या गोल कड्यात) ते मधोमध धरतो आणि छर्रा सरकतो. टार्गेटच्या दोन्ही बाजूंना सारखे, समोरून, डोळ्यांत न येणारे एलईडी लावा. मागून खिडकीचा उजेड येत असेल तर पडदा ओढा, नाहीतर सकाळचा ग्रुप आणि संध्याकाळचा ग्रुप कधीच जुळणार नाहीत.

आवाजावर चालणाऱ्या इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर कागदाची किंवा रबराची पट्टी पुढे सरकत नसेल तर छर्रे जुन्याच भोकातून जातात आणि स्क्रीन काहीही दाखवते. पाच शॉटनंतर पट्टी सरकते का ते डोळ्यांनी बघा.

आणि तुम्ही

पिशवीवर ग्रुप छान, उभं राहून फाटतो, तर वरचं सगळं सोडून कॅन्टकडे या. छर्रा १७ मिमी खाली येतो असं वर म्हटलं. रायफल पाच अंश कलली तर त्यातला दीड मिलिमीटर बाजूला जातो, कल ज्या बाजूला त्या बाजूला. कल नेहमी तेवढाच राहिला तर काही बिघडत नाही, साइट तो गिळून टाकते. शॉटमागे बदलला की ग्रुप आडवा होतो. फ्रंट साइटमधला स्पिरिट लेव्हलचा बुडबुडा यासाठीच असतो. तोल सांभाळताना त्याच्याकडे बघायचं विसरायला होतं, म्हणून गाल टेकवल्यावर लगेच, रिंगमध्ये टार्गेट घेण्याआधी तो बघण्याचा क्रम ठरवून टाका.

चीक पीस सैल असेल तर डोळा मागच्या भोकाच्या मध्यापासून हटतो, आणि ते जाणवत नाही. डोळे मिटून गाल टेकवा, उघडा. पीप साइटच्या कडेभोवतीचं काळं वलय चारी बाजूंनी सारखं दिसलं पाहिजे.

स्प्रिंगवाल्यांसाठी

स्प्रिंगची रायफल शॉट सुटताना आधी मागे, मग पुढे झटका देते, आणि छर्रा अजून बॅरलमध्येच असतो. ती कडक पिशवीवर टेकवून चाचणी केली की ग्रुप फुटतो. तळहात मधे ठेवा, पकड सैल आणि दर वेळी तीच. शॉटबरोबर धूर आणि मोठा आवाज येत असेल तर सिलिंडरमध्ये जास्त तेल गेलंय आणि ते पेटतंय. तेल घालणं थांबवा, पन्नासेक शॉट मारा, बहुतेक वेळा थांबतं. न थांबल्यास सील गेलंय.

कारागिराकडे देताना

रेग्युलेटर, फायरिंग व्हॉल्व आणि सिलिंडरचं डोकं घरी उघडायचं नाही, कितीही व्हिडिओ पाहिले असले तरी. तिथे विशेष हत्यारं लागतात आणि चुकीचा आटा दाबाखाली सुटतो. रायफल देताना नुसतं "ग्रुप येत नाही" असं सांगू नका. पाच ग्रुपचे कागद, प्रत्येकावर तारीख, छर्‍याचा लॉट, सुरुवातीचं आणि शेवटचं गेज, हे सोबत द्या. कारागीर निम्मं काम कागदावरच करतो. सिलिंडर रिकामा करून वेगळा बांधा. विमानाने नेणार असाल तर तो रिकामा आहे हे दिसावं म्हणून तयारीनिशी जा, गेज वर राहील असा ठेवा, आणि हवा मुक्कामी पोचल्यावर भरून घ्या.